कडू विशेषण, पुराव्यासकट

बाईंचा इंग्रजीचा वर्ग त्यांच्याच घरातल्या पुढच्या खोलीत भरायचा. शाळेतून निवृत्त झाल्या म्हणून काय झालं, लाल पेन थोडंच निवृत्त होतं! नोकरीत बढती हवी असलेल्या पाच बायका यायच्या. सहावी घरचीच, सून. ती घरात 'आई' म्हणायची, वर्गात 'बाई'. मार्कांत सवलत मिळणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

बाईंचा एक नियम होता. कडू विशेषण आलं, की खऱ्या माणसावर वाक्य लिहायचं आणि पुढे 'बिकॉज' लावून कारण द्यायचं. "नुसतं विशेषण म्हणजे शिवी झाली," त्या म्हणायच्या. "ती काय, रस्त्यावरचा कुणीही देतो." त्या दिवशीचा शब्द होता 'कॅलस', म्हणजे दुसऱ्याच्या दुखण्याचं ज्याला काहीच वाटत नाही असा. बायकांनी साहेबांना, घरमालकांना, एकीने तर सख्ख्या भावाला धुऊन काढलं. वर्ग सुटल्यावर बाई खुशीत वह्या तपासत बसल्या.

शेवटची वही सुनेची. तिने इंग्रजीत लिहिलं होतं: माझी सासू कॅलस आहे, कारण माझं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं आणि चौथ्या दिवशी तिने माझ्यापुढे तिच्या विद्यार्थ्यांच्या वह्या तपासायला ठेवल्या.

सवयीने बाईंनी आधी स्पेलिंग पाहिलं, स्वल्पविराम पाहिला, बरोबरची खूण केली. वाक्य त्यांना त्यानंतर कळलं.

अंगाचा नुसता तिळपापड झाला. कॅलस? मी? नवरा गेला तेव्हा चौथ्या दिवशी त्या वर्गावर उभ्या होत्या. कामाने माणूस सावरतो, एवढंच त्यांना माहीत होतं. बाळासाठी त्या रडल्याही होत्या, न्हाणीघरात, नळ सोडून. वाक्य खोडायला त्यांनी पेन उचललं. पण सुनेकडे पुरावा होता, आपल्याकडे काय? तिला दिसेल असं आपण केलेलं काहीच त्यांना आठवेना.

वही घेऊन त्या स्वयंपाकघरात गेल्या. सून बटाटे सोलत होती. तिने वर पाहिलं नाही.

"वाक्य बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "मी रडले होते गं. पण तुझ्यासमोर नाही."

"मग मला कसं कळणार, आई?"

"नाहीच कळणार. माझंच चुकलं." स्टूल ओढून त्या तिच्याजवळ बसल्या. "नाव काय ठेवणार होतीस तिचं?"

सुनेच्या हातातली सुरी थांबली. दोन वर्षांत हे तिला कुणीच विचारलं नव्हतं. तिने नाव सांगितलं, आणि बाई तिच्यासमोरच रडल्या.