पैसे घेतले, कन्फर्म केलं, आणि म्हणे चूक झाली

“किमतीत चूक आढळल्यास ऑर्डर कोणत्याही टप्प्यावर, पैसे स्वीकारल्यानंतरही, रद्द करण्याचा अधिकार कंपनीने राखून ठेवला आहे.”

सुरेखाच्या मोबाइलवर हे इंग्रजीत वाचलं आणि मी चष्मा काढून पुसला. परत लावला. वाक्य तेच होतं. आणि माझंच होतं.

मी पेशाने वकील. बऱ्याच वर्षांपूर्वी अंधेरीत एका नव्या ऑनलाइन दुकानाच्या लीगल डिपार्टमेंटमध्ये होते. वय पन्नाशीपलीकडे, अक्कल कॉलेजातली. टर्म्स अँड कंडिशन्स, म्हणजे आपण न वाचता टिक करतो त्या अटी, लिहिणं माझं काम. बॉसने विचारलं, “वेबसाइटवर चुकून कमी किंमत पडली तर?” मी चहा संपायच्या आत हे वाक्य लिहून दिलं. बॉस म्हणाले, “वॉटरटाइट!” त्यानंतर आठवडाभर या बाई, म्हणजे मीच, ऑफिसात अशा चालत होत्या, जशी काही देशाची घटनाच लिहिली. समोर गिऱ्हाईक नावाचा माणूस असतो, हे बाईंच्या गावीही नव्हतं. बाईंना इन्क्रिमेंट दिसत होतं.

ती कंपनी पुढे बुडाली. वाक्य तरलं. कारण या धंद्यात अटी कोणी नव्याने लिहीत नाही. दुसऱ्याच्या वेबसाइटवरून उचलायच्या, नाव बदलायचं, झालं. तसं फिरत फिरत ते भलत्याच कंपनीच्या अटींत जाऊन बसलं आणि तिथून सुरेखाच्या मानेवर.

सुरेखा खारदांड्याची कोळीण. बोरीवलीत आमच्या आणि आजूबाजूच्या सोसायट्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर घेऊन मासे पोचवते. पावसाळ्यात मासेमारीला बंदी असते, होड्या किनाऱ्यावर ओढतात. त्याआधी सुरेखा पापलेट, सुरमई, सोललेली कोळंबी घेऊन डीप फ्रीझर भरते. बंदीतलं तिचं घर त्या फ्रीझरवर चालतं.

जुना फ्रीझर कुरकुरायला लागला होता. सेलमध्ये तिला नवा दिसला. एकतीस हजार चारशे नव्व्याण्णव खोडून खाली अकरा हजार चारशे नव्व्याण्णव. शेजारी लाल अक्षरांत ‘६३ टक्के सूट’. तिने पैसे भरले. ऑर्डर कन्फर्म झाल्याचा मेसेज आला. मग ‘उद्या डिलिव्हरी’ असाही मेसेज आला. दांड्यातल्या तिच्या खोलीत फ्रीझर ठेवायला कोपरा एकच. जुना हलल्याशिवाय नवा आत येणार कसा? तिने त्याच संध्याकाळी जुना भंगारवाल्याला देऊन टाकला.

सकाळी मेसेज आला: प्रायसिंग एररमुळे ऑर्डर रद्द. रिफंड मिळेल. तोच फ्रीझर वेबसाइटवर आता एकवीस हजार चारशे नव्व्याण्णवला होता. एक आकडा चुकला होता म्हणे.

“वकीलबाय, बंदी तोंडावर आली,” सुरेखा माझ्या दारात टोपली टेकवत म्हणाली. “मी मासा काय उशाखाली ठेवू?”

मी कस्टमर केअरला फोन लावला. “मॅडम, आम्हाला गैरसोयीबद्दल खेद आहे,” पलीकडची मुलगी म्हणाली. खेद तिला नव्हता, तिच्या स्क्रीनला होता. “तुम्ही नवीन ऑर्डर प्लेस करू शकता.”

“दहा हजार जास्त देऊन?”

“हो मॅडम. अजूनही सेल चालू आहे.”

माझं डोकं सणकलं.

इथे एक गोष्ट सरळ सांगते. फ्रीझर अकरा रुपयांना दिसला असता, तर मी सुरेखाला परत पाठवलं असतं. जी चूक कोणालाही दिसेल, तिचा फायदा उठवणं मला पटत नाही आणि कायदाही त्यात फारशी साथ देत नाही. पण सेलमध्ये त्रेसष्ट टक्के सूट रोज दिसते. ती टक्केवारी कंपनीच्याच सिस्टिमने काढली. पैसे घेतले, कन्फर्म केलं, डिलिव्हरीचा दिवस सांगितला. म्हणजे सौदा पक्का झाला. सुरेखाने सुरमईचा भाव सांगून पैसे घेतले आणि बिल्डिंगच्या गेटवर जाऊन ‘चुकून कमी बोलले’ म्हणून मासा परत टोपलीत टाकला, तर तिला उद्या सोसायटीत कोणी उभं करील का? कंपनीने तसंच केलं, तर त्याला पॉलिसी म्हणायचं!

सुरेखाकडून मी लगेच दोन गोष्टी करून घेतल्या. सगळ्या मेसेजेसचे स्क्रीनशॉट काढले. आणि कंपनीला ईमेल केला: रद्द केलेलं मान्य नाही, रिफंड आला तरी मान्य नाही. हे लेखी कळवावं लागतं, नाहीतर पैसे परत घेऊन तुम्ही गप्प बसलात असं ते म्हणतात. मग मी नोटीस धाडली.

त्यांच्या लीगल मॅनेजरचा फोन आला. आवाजावरून माझ्या नातवापेक्षा थोडाच मोठा.

“मॅम, पाचशेचं कूपन देतो. क्लोज करूया?”

“कूपन बर्फासारखं थंड असतं का रे?”

“सॉरी?”

“काही नाही. पुढे बोल.”

“मॅम, आमचा क्लॉज एकदम स्टँडर्ड आहे. इंडस्ट्रीत सगळे तोच वापरतात.”

“माहीत आहे. मीच लिहिलाय.”

तो हळूच म्हणाला, “मग तर मॅम, तुम्हाला तो किती स्ट्राँग आहे ते माहीत असेल.”

“किती पोकळ आहे तेही माहीत आहे. तुम्हाला हवं तेव्हा पळता येतं, गिऱ्हाइकाला नाही. असल्या एकतर्फी अटीला आता कायदा अन्यायकारक म्हणतो. टिक केलं म्हणून ग्राहकाचा हक्क जात नाही. आणि ग्राहक आयोगापुढे मी पहिला प्रश्न विचारणार, अशा किती ऑर्डरी तुम्ही त्या दिवशी रद्द केल्या?”

त्याने “टीमशी बोलतो” म्हटलं. टीमशी बोलणं लांबलं. मी फोन करत राहिले, ते ‘एस्कलेट’ करत, म्हणजे वरच्याकडे ढकलत राहिले. शेवटी कबूल झाले: जुन्याच किमतीत फ्रीझर देऊ, पण सुरेखाने पुढे कुठेही तक्रार करणार नाही असं लिहून द्यायचं. चूक यांची आणि तोंड बंद तिचं! मी ती ओळ खोडली आणि कागद परत पाठवला. त्यावर पुन्हा टीम.

फ्रीझर आला. अकरा हजार चारशे नव्व्याण्णवलाच आला. बुडालेल्या धंद्याच्या भरपाईची तक्रार ग्राहक आयोगात केली आहे, ती तारखांवर चालू आहे. बाकीच्या ज्यांच्या ऑर्डरी रद्द झाल्या, ते बहुतेक रिफंड घेऊन गप्प बसले असतील. कंपनीचा हिशेब तोच असतो. तुमचा हक्क त्यांना नाकारावा लागत नाही, नुसता लांबवला तरी पुरतो. तेव्हा स्क्रीनशॉट काढा, लेखी नकार द्या, आणि नवी वस्तू उंबरा ओलांडेपर्यंत जुनी भंगारात घालू नका.

फ्रीझर आला त्या दिवशी मी मात्र खुशीत होते. सुरेखाला फोन करून विचारलं, “काय गं, कसा आहे फ्रीझर?”

बंदी लागून होड्या किनाऱ्यावर ओढल्या, त्याला तेव्हा आठवडा उलटला होता. ती म्हणाली, “झकास हाय गो, वकीलबाय. आता सांग, त्यात काय ठेवू? तुझी नोटीस?”