मेणानं बुजवलेली सनई

महाराजांच्या राज्यात आमचं घर सनईवर चालायचं. जुन्या राजवाड्याच्या दरवाजावर नगारखाना होता. थोरला भाऊ तिथे सनई वाजवायचा आणि शेजारी बसून मी सूर धरायचो. सूर धरायचा म्हणजे एकच स्वर, न तोडता. माझ्या सनईची भोकं मेणानं बुजवलेली असत, बोटांना कामच नसे. बघे हटकून विचारत, "काय पावणं, बोटं झोपली का काय तुमची?"

विचारोत बापडे. पहाटे रंकाळा तळ्याकडून धुकं येई, कौलं आणि देवळाचं शिखर त्यात बुडून जाई. गाल फुगवून, नाकानं श्वास घेत राहिलं की सूर मी काढतोय की मीच सुरात बसलोय, हे कळेनासं होई. भाऊ वर चढला की आपला आवाज आवरता घ्यायचा, तो दमला की भरायचा. तो कुठंही भटको, आपण जागचं हलायचं नाही. हे मला कुणी शिकवलं नाही. त्याच्या खांद्याकडे बघत बघत आलं.

एका पावसाळ्यात भावाचा पुढचा दात पडला. सनईची पत्ती ओठांत नीट बसेना, कडेनं वारा निसटू लागला. नगारखान्याच्या कारभाऱ्यांनी तोंडावर सांगितलं, "दसऱ्याला सनई अडली तर दुसरा माणूस आणतो बघा." भावाचं जेवणावरचं लक्षच उडालं.

दसऱ्याची पहाट उजाडली. आलाप ऐन रंगात आला आणि भावाची सनई गप्प झाली. माझं नख आपोआप मेणावर गेलं. त्याच्या सगळ्या चाली मला पाठ होत्या. भोकं मोकळी केली असती तर पुढचं मी उचललं असतं, आणि कारभाऱ्यांना पत्ताही लागला नसता. पण भावाचा खांदा अजून ताठ होता. मी नख काढलं आणि सूर भरला. धुक्यात तो नुसता सूर किती वेळ राहिला, कुणास ठाऊक. मग त्यातूनच भावाची सनई आली, खालच्या स्वरांतून, सावकाश.

कारभारी जिना चढून वर आले. "आज मधी थांबलासा, ते लई ब्येस झालं!" म्हणाले आणि उतरून गेले.

भावानं माझी सनई हातात घेतली. मेणावर नखाची खूण होती.

"उघडलं का न्हाईस?"

"दादा, तुझं संपलं न्हवतं."

तो घरी येऊन पोटभर जेवला.

दुसऱ्या पहाटे त्यानं आपली सनई माझ्या मांडीवर ठेवली. "आता संपलं. दसरा निभला की. आता वर तू." मेणाची सनई त्यानं स्वतः ओठांना लावली. एका सुरापुरता त्याचा ओठ अजून धड होता.

मी वाजवू लागलो आणि थोड्याच वेळात माझा दम तुटला. घाबरून थांबलो. खाली त्याचा सूर होता, शांत, माझी वाट बघत. इतकी वर्षं मी त्याला काय देत होतो, ते मला त्या पहाटे ऐकू आलं. मला रडू कोसळलं. माझं रडणं संपेपर्यंत त्यानं सूर सोडला नाही.