जोडीचा डाव

माजिवड्याचा व्हॅलेरियन ठाण्यात एका साहेबाच्या बंगल्यावर बॅडमिंटनचे गुण मोजायचा. जाळी बांधायची, चुन्याने रेघा आखायच्या, पडलेलं पिसांचं फूल उचलून द्यायचं आणि दर गुणाला मोठ्याने आकडा सांगायचा. सन १८८४ पर्यंत त्याला या कामावर सहा वर्षं झाली होती.

त्या साली त्याची मुलगी लुसी नवऱ्याबरोबर एडनला निघाली. जावई लिओला तिथे खानसाम्याचं काम मिळालं होतं. सामान पुष्कळ, म्हणून मुंबईपर्यंत मचव्याने, म्हणजे शिडाच्या मोठ्या होडीने, जायचं ठरलं. ओहोटी लागली की सहाच्या सुमारास मचवा ठाणे बंदरातून सुटणार होता. व्हॅलेरियनने दुपारीच रजा मागितली. साहेब म्हणाला, आज एकास एकच खेळ आहे, अर्ध्या तासात संपेल, मग जा.

झालंही तसंच. साहेब आणि त्याचा पाहुणा दोघेच खेळत होते. जागा मोकळी, फूल सारखं खाली पडायचं. पाचला डाव आटोपला. व्हॅलेरियन जाळी सोडायला गेला, तोच दोन मडमा रॅकेट घेऊन बाहेर आल्या. आता चौघांनी खेळायचं ठरलं.

व्हॅलेरियनने जाळी पुन्हा ताणून बांधली. जोडीचा डाव किती रेंगाळतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? चौघं मिळून फूल जमिनीला लागू देत नसत. सर्व्हिस करणाऱ्यांनाच गुण मिळे, त्यामुळे सर्व्हिस इकडून तिकडे जाई आणि आकडा तिथेच राही. पंधरा गुणांना कधी कधी तासाहून जास्त लागे.

साडेपाचला साहेबाचे आठ झाले होते. व्हॅलेरियनने अदबीने मचव्याची आठवण दिली. साहेबाने नुसता हात हलवला. अकरानंतरच्या गुणाला व्हॅलेरियन एकदम "तेरा" म्हणाला.

"व्हॅलेरियन, बारा," साहेब मागे न बघता म्हणाला.

"बारा," व्हॅलेरियन म्हणाला. त्याचे कान तापले. आजवर त्याने एकही आकडा चुकवला नव्हता. सगळं टाकून निघावं असं फार वाटलं, पण नोकरी गेली तर घरी धाकट्या दोघी मुली होत्या. पाय उचलेना.

सव्वासहाला डाव संपला. तो धावत बंदरावर पोचला तेव्हा मचवा खाडीच्या वळणाशी गेला होता. शीड दिसत होतं, माणसं ओळखू येत नव्हती. त्याची बायको उर्सुला धक्क्यावर एकटीच उभी होती.

"लुसीनं तांडेलाला दोनदा थांबवलं," ती म्हणाली. "पाणी उतरायला लागलं, मग त्याचाही इलाज चालेना."

एकास एकचा डाव वेळेत संपला होता, हे तो तिला सांगू लागला. पुढे काय झालं तेही सांगितलं. तिला त्या खेळातलं काही कळलं नाही.

एडनहून लुसीची दोन पत्रं आली, ती पाद्रीबाबांनी वाचून दाखवली. तिसरं यायच्या आत व्हॅलेरियन तापाने गेला.