टेंभरे सरांचं हेल्मेट

कुडव्याहून आमगावच्या कॉलेजात टेंभरे सर स्कूटरवर यायचे. डोक्यावरून उतरलेलं हेल्मेट थेट टेबलावर उलटं. इतकं जुनं, की पहिला बेडूक पाण्याबाहेर आला तो तेच घालून! त्यात चिठ्ठ्या. एक चिठ्ठी म्हणजे एक फांदी, एक जीवजात. निघेल ती फांदी फळ्यावर दुभंगायची, तिची चिठ्ठी परत आणि नव्या फांदीचीही आत पडायची, पुन्हा हात आत. पाऊण तासात उत्क्रांतीचं झाड उभं.

"फांदी फुटाचा चान्स सगळ्याइले सारखा," ते म्हणायचे. "नुसत्या योगायोगानं झाड कसं वाढते ते पाहा. मंग बोदलकशाच्या तलावातल्या मासोळ्यांचं खरं झाड पाहा. ते याच्याहून लय कलंडलं असन, तरच कारण शोधा. नाही तर उगाच कायले डोकं खाजवता?"

सर प्राणिशास्त्राचे, संभाव्यता माझी होती हो! मी संख्याशास्त्राचा. माझ्या वर्गात तीन पोरं, त्यातलं एक झोपलेलं. त्यांच्याकडे खिडक्यांना पोरं वटवाघळांसारखी लटकलेली. एकदा तर एका गाईनं चारा सोडून अर्धा तास ऐकलं. माझ्या पोटात अशी आग, की अख्ख्या तालुक्याचा भात शिजला असता.

सरांचा नवा अभ्यासक्रम मंजूर करायचा की नाही, ते ठरवायला विद्यापीठातून पाहुणे आले. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "या विषयाचे खरे मालक हे सर आहेत जी. चिठ्ठ्या हेच काढतीन."

मी काढल्या. दर वेळी नवी चिठ्ठी आत टाकल्यासारखं करायचं, बोटांत धरून ठेवायची आणि तीच बाहेर काढायची, म्हणजे फुटेल ती नेहमी सगळ्यात नवी फांदीच. दहा फांद्या झाल्या तेव्हा फळ्यावर झाड नव्हतं, कंगवा होता. सगळे दात एका बाजूला!

"आपका मॉडल तो लुढक गया," पाहुणे हसले. मला साखर खाल्ल्यासारखं झालं.

सरांनी शांतपणे फळ्यावर गणित मांडलं. "असा कंगवा चौदाशे वेळात एखाद्या वेळी निघते. म्हणजे एक तर चमत्कार, नाही तर हात." त्यांनी माझ्या घामेजल्या मुठीकडे पाहिलं. दहावी चिठ्ठी तिच्यातच होती. मग खडू ठेवत म्हणाले, "चमत्कारच झाला जी. सर कायले खोटं करतीन?"

पाहुण्यांनी चमत्काराला मंजुरी दिली नाही. निवृत्तीच्या दिवशी हेल्मेट माझ्या टेबलावर उलटं ठेवून सर उघड्या डोक्यानं घरी गेले. आत पाहुणे आले त्या दिवसाच्याच चिठ्ठ्या. मी मोजल्या. नऊ. दहावी अजून माझ्या पाकिटात होती.

आता माझ्याही खिडक्यांना पोरं लटकतात. पण मला माहीत आहे, ती हेल्मेटसाठी. मी डोळे मिटून, बाह्या कोपरापर्यंत सारून चिठ्ठी काढतो. परवा एका मुलीनं विचारलं, "सर, डोये काऊन मिटता जी?"

"एका माणसानं माझी मूठ पाहून माझ्यासाठी मिटले होते," मी म्हणालो. तेही त्याला माझ्यापेक्षा चांगलं जमलं होतं.