वाळवंटात नेलेली मेथी

भागुबाईला कुणी काशीला चलतेस का म्हणून विचारलं, की ती म्हणायची, "कशाला घाई? म्हातारपण हायेच की." आणि हे म्हणताना तिची साठी उलटलेली. अशी बाई! मखमलाबादची. मळ्यात जन्मली, लग्न होऊन आली तीही मळ्यातच. पहाटे मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधायच्या, टोपली घेऊन नाशिकला गोदावरीच्या, म्हणजे तिथल्या लोकांच्या गंगेच्या, घाटावरच्या बाजारात बसायचं, दुपारी परत आलं की पुन्हा वाफ्यात वाकायचं. नवरा दुखण्यानं गेला तेव्हा मुलगा समाधान शाळेत होता. भागुबाईनं पोटभर रडून घेतलं आणि टोपली उचलली. दुसरं काय करणार होती बिचारी?

समाधान काही मळ्यात रमला नाही. सातपूरला बसच्या बॉड्या बांधायच्या एका गॅरेजात वेल्डिंग शिकला, तिथंच नोकरीला लागला, आणि कुठल्याशा मासिकात परदेशातल्या मोटारहोमचा फोटो बघून त्याच्या डोक्यात खूळ शिरलं. कामगारांची ने-आण करून भंगारात निघालेली एक बस त्यानं घेतली आणि रिकाम्या वेळात तिचं घर करायला बसला. झोपायला बर्थ, स्वयंपाकाला ओटा आणि शेगडी, मागच्या बाजूला छोटी मोरी, टपावर पाण्याची टाकी. नाव ठेवलं घरगाडी. आता भावकीला हसायला तेवढंच पुरलं. "लोकांची घरं पडली का, बसमध्ये राहायला?" भागुबाई एकटी ठाम. "माझा पोरगा बांधतोय ना, मग लोक राहतील!" म्हणाली, आणि भावकीच्या नादी न लागता बाजारात गिऱ्हाईकं शोधायला लागली.

गिऱ्हाईकं कोण मिळणार? शेजारी बसणारीच. वत्सलाबाई, जिची टोपली आयुष्यभर भागुबाईच्या टोपलीला लागून. झेंडूवाले नाथातात्या. आणखी चार-पाच भाजीवाले आणि त्यांच्या बायका. सन दोन हजार तीनचा डिसेंबर होता. कुठं जायचं यावर बाजारात रोज भांडण. कुणी वणीला म्हणे, कुणी त्र्यंबकला. "अरे, ते तर घरचंच हाय!" भागुबाई वैतागली. "जन्म गेला पिकवण्यात. एकदा अशी जमीन बघू, जिथं काय उगवतच नाय." समाधाननं लगेच सांगितलं, जैसलमेरच्या पलीकडं डेझर्ट नॅशनल पार्क आहे, वाळवंटातलं अभयारण्य, तिथं माळढोक पक्षी बघायला मिळतो.

"वाळू बघायला एवढ्या लांब?" नाथातात्या करवादले. "गंगेत काय कमी पडली?" पण पिशवी भरून सगळ्यात आधी गाडीत बसले तेच. या तात्यांचं बाजारात फार चालायचं. तात्या म्हणाले माल चांगला, की माल चांगला. तात्यांनी नाक मुरडलं, की त्या मालाकडं कुत्रं फिरकत नसे. समाधानला ते पक्कं ठाऊक होतं. ही पहिली फेरी तात्यांच्या पसंतीस उतरली तर गाडीला पुढं लोक मिळतील, नाहीतर भावकी म्हणते तेच खरं. भागुबाई निघायच्या दिवशी देवापुढं हात जोडून एवढंच म्हणाली, "बाकी काय नको, पोराची फेरी गोड कर."

आणि मग काय केलं तिनं? दोन गोण्या भरून मेथी, कोथिंबीर, मुळा गाडीत चढवला. तिकडं काय मिळणार, आपलंच बरं, म्हणून. मागच्या मोरीजवळ गोण्या ठेवल्या आणि तिथंच स्वतःची जागा धरली.

सापुताऱ्याचा घाट उतरेपर्यंत वत्सलाबाईला गाडी लागली. ती वरच्या बर्थवर आडवी झाली ती पुढं आडवीच. बाकी सगळे मजेत. ओट्यावर भाकरी थापली जातेय, खिडकीतून गुजरात पळतोय, तात्या दर थांब्याला चहाला नावं ठेवतायत आणि दोन-दोन कप पितायत. समाधान गाडी चालवता चालवता आरशातून मागं बघायचा आणि गालात हसायचा. भागुबाईला ते हसू दिसायचं, आणि तिला वाटायचं, देवा, अजून काय पायजे?

राजस्थान लागलं आणि हवा कोरडी झाली. जैसलमेरला सकाळी गोणी उघडून बघते तर मेथीनं मान टाकलेली. आता ज्या बाईनं उभा जन्म जुड्यांवर पाणी मारण्यात घालवला, तिचा हात गप्प बसेल होय! तिनं मोरीतल्या नळाखाली जुड्या उभ्या केल्या, वरून गोणपाट टाकलं आणि नळाची धार अगदी बारीक, करंगळीएवढीसुद्धा नाही, सोडून ठेवली. गोणपाट ओलं राहिलं पाहिजे ना. मळ्यात ती असंच करायची. मळ्यात विहीर होती, हे मात्र तिच्या ध्यानातच आलं नाही. जैसलमेरला समाधाननं टाकी काठोकाठ भरून घेतली होती. धार वाहत राहिली, मोरीचं पाणी नळीतून रस्त्यावर ठिबकत राहिलं, आणि मेथी हिरवीगार!

वाळवंटात पोचेपर्यंत दुपार झाली. तारेच्या कुंपणापलीकडं नुसतं पिवळं गवत, वाळू आणि आभाळ. जमीन एवढी मोकळी असते, हे कुणाला माहीत होतं? तिथल्या वनरक्षकानं बोट दाखवलं, तर लांब गवतात पांढऱ्या मानेचा एक उंच पक्षी सावकाश चालत होता. माळढोक. तात्यांनीसुद्धा टोपी काढून हातात घेतली. "काय रुबाब हाय लेकाचा," म्हणाले.

परत गाडीपाशी येऊन कुणीतरी हात धुवायला नळ सोडला. पाणी नाही. ओट्यावरचा सोडला, तोही कोरडा. प्यायच्या बाटल्या तर केव्हाच संपलेल्या. समाधान टपावर चढला आणि उतरला तेव्हा त्याचं तोंड पांढरं पडलेलं. टाकी कोरडी ठणठणीत! तात्यांनी वाकून गाडीखाली बघितलं. मोरीखालची वाळू ओली होती.

"गळतीये गाडी तुझी," तात्या म्हणाले. "अरे, माणसं घेऊन वाळवंटात येतोस आणि टाकीचं काम असं कच्चं? मी हे बाजारात सांगणार बरं का. उद्या कुणाच्या जिवावर बेतायचं."

समाधान पाना घेऊन गाडीखाली शिरला आणि जी गळती नव्हतीच, ती शोधत बसला. भागुबाई मोरीत गेली, गोणपाट उचललं, सोडून ठेवलेला नळ बंद केला. बाहेर जाऊन सांगायचं सोडून ती गोणपाट पिळत बसली.

समाधान गाडीखालीच राहिला, वत्सलाबाई बर्थवर; बाकीच्यांना वनरक्षकानं हाकेच्या अंतरावरच्या वस्तीवर नेलं. चार झोपड्या, थोड्या शेळ्या आणि पावसाचं पाणी साठवायचं एक झाकणबंद टाकं. केसर नावाची बाई पुढं आली. पाहुणे तहानलेले आहेत एवढंच तिला कळलं, आणि तेवढं पुरलं. तिनं पोहरा सोडला, पाणी काढलं, आणि एकेकाच्या ओंजळीत असं ओतलं की थेंब बाहेर जाऊ नये. खाली तिनं परात धरली होती. ओंजळीतून सांडलेलं परातीत, आणि परातीतलं शेळीपुढं. गाडीसाठी हंडाही भरून दिला. का, कशाला, काही विचारलं नाही. भागुबाईची ओंजळ भरली आणि तिला ते पाणी घशाखाली घालवेना. वर्षभर टिपून ठेवलेलं पाणी ही बाई परक्याला देतेय, आणि आपण? आपण टाकीच्या टाकी वाळूत घातली, आणि वर लेकाला चोर ठरू देऊन गप्प बसलो!

ती गाडीपाशी आली आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं बोलली. "तात्या, टाकी गळत नाय. पोराचं काम पक्कं हाय. नळ मी सोडून ठेवला होता, मेथीसाठी. बोल लावायचा तर मला लावा."

समाधान गाडीखालून बाहेर आला, केसांत वाळू, हातात पाना. आईकडं बघतच राहिला. तेवढ्यात बर्थवरून वत्सलाबाईचा बारीक आवाज आला, "तिचं एकटीचं काय सांगता? मी पण शिंपडलं पाणी. येता-जाता शिंपडत होते."

"मग मी पण," दुसरी एक भाजीवाली म्हणाली. तिच्या मागून तिचा नवरा. तात्या सगळ्यांची तोंडं बघत राहिले, घसा खाकरला, डोक्यावरची टोपी नीट केली. "माझापण हात लागला असंल एखाद्या वेळी," ते म्हणाले. "पोरा, पुढच्या फेरीला टाकी मोठी बसव. बाजारातली लय माणसं यायची म्हणत्यात."

समाधान हसला, आणि हसता हसताच त्यानं बाहीनं डोळे पुसले. भागुबाई पळतच मोरीत गेली आणि दोन्ही गोण्या केसरच्या दारात रिकाम्या करून आली. केसरनं मेथीची जुडी दोन्ही हातांत धरून नाकाला लावली, आणि तिच्या बोलीत जे काही म्हणाली ते कळलं कुणालाच नाही, पण भागुबाईनं वाकून तिचे पाय धरले.

गाडी परतीला लागली. भागुबाई वत्सलाबाईच्या उशाशी जाऊन बसली. "तू तर बर्थवरून खाली पाय ठेवला नाय," ती हळूच म्हणाली. "नळ कुठं हाय ते तरी माहीत हाय का तुला? माझ्यापायी खोटं कशाला बोललीस गं?"

वत्सलाबाईनं डोळे न उघडताच तिचा हात चाचपून धरला.

"खोटं काय त्यात? तुझे मालक सिव्हिलमध्ये होते तेव्हा महिनाभर तुझ्या टोपलीवर पाणी कोण शिंपडत होतं?"

भागुबाईला आठवलं. मालक गेल्यावर ती बाजारात परत आली होती, तेव्हा तिच्या जागेवर टोपली मांडलेली होती आणि टोपलीतली मेथी ओली होती. इतकी वर्षं झाली, त्याबद्दल वत्सलाला दोन शब्द बोलायचे राहूनच गेले होते. ते तिनं तिथं, चालत्या गाडीत, तिच्या हातावर कपाळ टेकून बोलून घेतले.