दोन्ही चाव्या

आमच्या दहिसरच्या बिल्डिंगमध्ये एक बाई नेहमी दिसतात. अठरा पूर्ण झाल्यावर बालगृह सोडावं लागलेल्या मुलींना त्या भाड्याने खोली मिळवून देतात. खोली बघायला आल्या की आधी सगळे नळ सोडतात, मग दाराची कडी पुन्हा पुन्हा लावून बघतात. प्रश्न विचारतात आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकतात. "पाणी येतं ना? येतं. शेजार बरा ना? बराच असणार, तुम्ही आहात."

माझ्या मालकीची शेजारची खोली त्यांनी अशाच एका मुलीसाठी, रेश्मासाठी मागितली, तेव्हा मी कचरले.

"एकटी पोर, मागे कोणी नाही. उद्या काही झालं तर?"

"तर मला फोन करा. आणि तुम्हाला काही झालं तर हिला हाक मारा. दवाखान्यात काम करते ती."

मी खोली द्यायचं कबूल केलं.

रेश्माचं सामान आलं, तेव्हा मी एक चावी तिला दिली आणि दुसरी बाईंना. बाईंनी आपलीही तिच्याच हातात ठेवली.

"ताई, ही तुमच्याकडे राहू दे ना," रेश्मा घाबरली.

"मला कशाला? घर तुझं. मी बेल वाजवीन, तुला वाटलं तर उघड."

एवढं बोलून त्या बाहेर गेल्या, दार ओढून घेतलं आणि खरंच बेल वाजवली.

"उघडू?" रेश्माने मला विचारलं.

"मला काय विचारतेस गं?"

तिने ओढणी सारखी केली आणि जरा मोठ्यानेच विचारलं, "कोण आहे?"

"पाहुणी! येऊ का आत?"

रेश्माने दार उघडलं. "या ना. पण चहा घेतल्याशिवाय जायचं नाही."