लाभाचं माप

"नऊ! दहा उरायला पाहिजेत, उरलेत नऊ. काकासाहेब, एक माप गेलं कुठं?"

"सांडलं असंल की! चिमटीभर तर चीज. त्याच्यासाठी तासभर झालं माझ्या डोक्यावर बसलाय तुम्ही."

"सांडलं असतं तर कागदावर दिसलं असतं. कागद झटकून पाहिला मी."

"मग मुंगीनं नेलं."

"बंदुकीची दारू मुंगी नेत नाही."

"औरंगाबादची मुंगी काय बी नेती, कंपाउंडर. तुम्ही मला एकदाचं चोर म्हणा, म्हंजी मी घरी जाऊन झोपतो."

स्वयंपाकघरात मेथी निवडत बसलेल्या यमुनाबाईंनी जुडी खाली ठेवली. मागच्या खोलीत नवऱ्याचा आवाज चढल्याचं त्यांनी गेल्या तीन वर्षांत ऐकलं नव्हतं. त्या खोलीत शिरताना पंखा बंद करायचा, उदबत्ती लावायची नाही, आणि बोलायचं तर दारातूनच, असा दंडक होता. तो वैजनाथरावांनीच घातलेला, आणि आज तेच आत ओरडत होते.

वैजनाथराव म्हणजे सरकारी दवाखान्यातले जुने कंपाउंडर. पोलीस ॲक्शननंतर दोन वर्षांनी, विशीत, तिथं चिकटले ते अठ्ठावन्नाव्या वर्षी हारतुरे घेऊनच बाहेर पडले. शिकले उर्दूतून, चिठ्ठ्या वाचल्या इंग्रजीतून आणि पेशंटांशी बोलले सगळ्यांच्या बोलीतून. औषधाच्या बाटलीवर कागदाची खाचा पाडलेली पट्टी चिकटवायची, एक खाच म्हणजे एक डोस, या कामात त्यांचा हात कुणी धरत नसे. पट्टीच्या खाचा इतक्या सारख्या की एका डॉक्टरांनी गमतीनं पट्टीवर फूटपट्टी ठेवून पाहिली होती. घरीही तेच. लोणच्याचं मीठ तराजूत घालणारा नवरा यमुनाबाईंनी दुसऱ्या कुठल्याच घरात पाहिला नाही. पहिली काही वर्षं त्यांना त्याचा राग येई, मग गंमत वाटायला लागली. मात्र लोणचं कधी नासलं नाही, हेही खरं.

अशा माणसाला रिटायर झाल्यावर करमेना. त्यात थोरला श्रीधर, विजेच्या ऑफिसात नोकरीला, अकरा वर्षं पिस्तुलाची नेमबाजी करत होता. सरावाला लागणाऱ्या गोळ्या बाहेरदेशातून येत. त्या मिळत नसत, आणि मिळाल्या तरी एका खोक्यासारखं दुसरं खोकं निघत नसे. क्लबमधल्या कुणीतरी सांगितलं की परवाना काढून आपल्या गोळ्या आपण भरता येतात. कलेक्टर कचेरीच्या फेऱ्यांत सव्वा वर्ष गेलं. परवाना हातात आला त्या दिवशी श्रीधरनं त्या विषयावरचं जाडजूड इंग्रजी पुस्तक वडिलांपुढे ठेवलं. वैजनाथरावांनी पान उलटलं आणि म्हणाले, "अरे, हे ग्रेनमध्ये आहे!"

"मग?"

"मग काय! ग्रेन म्हणजे माझं वजन. नवी वजनं आली तेव्हा सरकारनं माझ्या हातून काढून घेतलं होतं."

ती दारू आली तेव्हा गल्लीत वेगळाच बोभाटा झाला. कंपाउंडरांच्या घरी कुलपात दारू असते, आणि सुनेसमोर काढतात, असं सरूबाईंनी पापड लाटता लाटता तीन घरांत पोचवलं. सरूबाई म्हणजे शेजारच्या काकासाहेबांच्या मंडळी. खुद्द काकासाहेब चौकशीला आले, डबा हुंगून पाहिला, तोंड वाकडं केलं, आणि तेव्हापासून रोज दुपारचा चहा याच घरी घ्यायला लागले. ते करमाडचे. नातवंडांच्या शाळेसाठी शहरात आलेले, शेत वाट्यानं दिलेलं, हात रिकामे.

यमुनाबाईंनाही कुतूहल होतंच. त्यांनी दारातून विचारायला सुरुवात केली, आणि नवऱ्याला सांगायला आवडतं हे लक्षात आल्यावर रोज विचारायला लागल्या. रिकामी पितळी पुंगळी, तिच्या बुडाला ठिणगी पाडणारी टोपी, आत दारू, वर शिशाची गोळी. एवढाच संसार. पण दारूचा नवा डबा उघडला की जुनं माप चालत नाही, परत वजन करायचं.

"का? माप तर तेच आहे."

"तू रवा आणि मैदा एकाच वाटीनं मोजतेस. वजन सारखं भरतं का?"

हे त्यांना लगेच पटलं. पुस्तकातल्या आकड्याच्या खूप खालून सुरुवात करायची, पाच गोळ्या रेंजवर झाडायच्या, रिकाम्या पुंगळ्या घरी आणून भिंगातून बघायच्या, मगच केसभर पुढं जायचं. एकदा वैजनाथरावांनी त्यांना भिंग दिलं. झाडलेल्या टोपीची कड गोल होती. "ही कड पापडासारखी चपटी झाली, की समजायचं आत दाब वाढला. तिथून मागं फिरायचं. पुस्तक काहीही म्हणो." यमुनाबाईंनी बराच वेळ पाहिलं. इतक्या लहान वस्तूत राग भरलेला असतो आणि तो असा कडेवरून ओळखता येतो, याचं त्यांना फार नवल वाटलं. सुनेच्या कपाळाकडे बघून आपण हेच करतो, असंही मनात आलं.

शेवटी एक वजन ठरलं. त्या वजनाच्या गोळ्यांनी श्रीधरचे नेम असे एकावर एक पडायला लागले की क्लबातले लोक कागद मागून घेऊन बघायचे. आधी दोनदा राज्याच्या संघातून तो गुणा-दोन गुणांनी राहिला होता. यंदा राहणार नाही, असं तो स्वतः म्हणाला. एरवी तो असलं काही म्हणत नसे.

आणि नेमका यंदाच घोटाळा झाला. वैजनाथरावांच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. महिनाभर मान खाली घालायची नाही, अशी डॉक्टरांची ताकीद. त्यातच, संघ जिथं निवडतात त्या पुण्याच्या स्पर्धेची तारीख पंधरा दिवस अलीकडे आली. दीडशे गोळ्या हव्या होत्या. शंभर आधी भरून ठेवल्या होत्या, पन्नास राहिल्या होत्या. वाकून भोकाच्या फळीत उभ्या केलेल्या पुंगळ्यांत दारू ओतायची, मग बॅटरी धरून एकेकीत डोकवायचं, हे काम त्यांना करता येईना. श्रीधरला रजा नव्हती. एकाचं काम दुसऱ्याकडे द्यायचं नाही, हा त्यांचाच नियम होता. तो त्यांनी त्या दुपारी मोडला आणि माप काकासाहेबांच्या हातात दिलं.

वाटीत बरोबर साठ मापांची दारू वजन करून काढली होती. पन्नास पुंगळ्यांत जाणार, दहा उरणार. भरून झाल्यावर वैजनाथरावांनी खुर्चीत ताठ बसून, यंत्राचा दांडा ओढून, एकेकीवर शिसं दाबलं. काकासाहेबांनी तयार गोळ्या मदत म्हणून आधीच्या शंभरांच्या डब्यात ओतल्या. "एकाच घरचं धान्य, एकाच कणगीत," असं म्हणाले. मग उरलेली दारू तोलली, तर नऊ मापं.

यमुनाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "भाऊजी, चोर कोण म्हणतंय तुम्हाला? मला एक सांगा, भरलं कसं तुम्ही?"

"कसं म्हंजी? भरायचं तसं. ह्यांनीच सांगितलं, ग्रेन म्हंजी दाणा. जन्म गेला माझा दाणे मोजण्यात, वहिनी."

"तसं नाही. करून दाखवा."

त्यांनी ज्वारीची वाटी आणली, चहाचा चमचा आणला, आणि ओट्यावरच्या बारा बशा खोलीच्या दाराशी मांडल्या. वैजनाथराव चिडले. "हा पोरखेळ कशाला?"

"तुमचं भिंग तुमच्याकडे. मला माझ्या पद्धतीनं बघू द्या."

काकासाहेब मांडी घालून बसले. डोक्यावरची टोपी सारखी केली, चमचा भरला, पहिल्या बशीत ओतला आणि म्हणाले, "लाभ." दुसऱ्या बशीत ओतला. "एक." तिसऱ्या. "दोन."

यमुनाबाईंनी हात वर केला. त्यांचं माहेर लासूर स्टेशनचं. वडील कारकून, पण थोडी जमीन होती, खळ्यावर धान्य मोजताना एक न म्हणता लाभ म्हणतात, ते त्यांनी लहानपणी पाहिलेलं. "भाऊजी, लाभच्या पुढं दोन ना? आमच्याकडं लाभ, दोन, तीन."

"तुमच्याकडं असंल. आमच्या घराण्यात लाभ मोजीत नाय. पहिलं माप देवाचं. ते त्याच्या नावानं टाकायचं आन मंग आपलं एकपासून."

"बरं. पुढं चला."

ते पुढं गेले. बाराव्या बशीत चमचा रिता झाला तेव्हा तोंडानं म्हणाले, "अकरा." आणि हातात चमचा धरून त्यांनी बशांकडे एकदा नजर फिरवली. मग स्वतःच हसले. "ह्येच! मघाशी बी अस्संच झालं. फळी सरली आन माझी मोजणी एकोणपन्नासला. म्हनलं एक घर ऱ्हायलं. बॅटरी मारली, तर कोपऱ्यातली जरा अंधारी दिसली. तिच्यात टाकलं, पन्नास केलं."

काकासाहेबांचं हसू हळूहळू गेलं. "नव्हतं टाकायचं?" त्यांनी विचारलं.

वैजनाथरावांनी डब्याकडे पाहिलं. दीडशे गोळ्या, सगळ्या सारख्या, पितळी, देखण्या. त्यातल्या एकीत दोन मापं.

"तोलून बघा," यमुनाबाई म्हणाल्या. "जी जड भरेल ती काढून टाकायची."

बोलणं साधं होतं, आणि वैजनाथराव तेच करायला बसले. पाच-सहा गोळ्या तोलल्या आणि थांबले. पुंगळ्या तीन-चार निरनिराळ्या कारखान्यांच्या. कुणाचं पितळ जाड, कुणाचं पातळ, शिसंही उन्नीस-बीस. दोन बरोबर भरलेल्या गोळ्यांतला फरकच एका मापापेक्षा जास्त भरत होता. "पन्नास मणाच्या गाडीत एक शेर मीठ जास्त आहे का, हे गाडी तोलून कसं कळणार," ते म्हणाले. बोलताना ते मान वर करून, समोरच्या भिंतीकडे बघत होते, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं.

सहा वाजता श्रीधर आला. सून शैला तोवर त्याची बॅग भरून बसली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाची बस होती. त्यानं सगळं उभ्यानंच ऐकलं, बूट न काढता.

"फोडून परत भरू," तो म्हणाला.

"दीडशे फोडायला चार दिवस. शिसं खराब होतं, ते नवं लागेल."

"क्लबात विकतच्या?"

"मागच्या महिन्यात संपल्यात. तूच सांगितलंस."

श्रीधर स्टुलावर बसला. बराच वेळ त्यानं डब्यात बोटं फिरवली. मग हळू म्हणाला, "स्पर्धेत साठ गोळ्या लागतात. सरावाच्या धरून नव्वद. दीडशेत एक आहे. ती माझ्या हातात यायलाच पाहिजे असं थोडंच आहे?"

"मी वळखतो ना ती!" काकासाहेब म्हणाले. "कोपऱ्यातली व्हती. पिवळीधम्मक."

"सगळ्या पिवळ्याधम्मक आहेत, काका."

"व्हय," काकासाहेब म्हणाले आणि खाली बघायला लागले. मग म्हणाले, "लेकरा, मला शिव्या दे. मला बरं वाटंल."

यमुनाबाईंना एक गोष्ट अजून कळायची होती. तीन वर्षांत इतकं विचारलं, पण हे विचारायचं राहूनच गेलं होतं. "ती गोळी उडाली तर काय होतं?"

वैजनाथराव म्हणाले, "पिस्तूल चांगलं आहे. तेवढा दाब कदाचित धरेल."

कदाचित. यमुनाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात हा शब्द त्यांच्या तोंडून औषधाबद्दल, मिठाबद्दल, बसच्या वेळेबद्दलसुद्धा निघाला नव्हता. आणि तो निघाला तो मुलासाठी, हेही त्यांना कळलं. त्या माणसाला मुलगा पुण्याला जायला हवा होता. कदाचित मुलापेक्षाही जास्त हवा होता.

"आणि नाही धरलं तर?"

उत्तर श्रीधरनंच दिलं, तेही न बोलता. सवयीनं त्यानं उजवा हात लांब केला, मूठ धरली, एक डोळा मिटला. मूठ आणि डोळा यांत एका हाताचं अंतर. त्यानं स्वतःही ते जणू पहिल्यांदाच पाहिलं. हात तसाच राहिला क्षणभर. शैला बॅगेच्या बंदावर हात ठेवून त्याच्या बोटांकडे बघत होती.

"दादा, तुम्ही सांगा," श्रीधर वडिलांना म्हणाला. "तुम्ही म्हणाल तर जातो. तुम्ही म्हणाल तर नाही."

वैजनाथरावांनी डब्याचं झाकण लावलं. डबा कपाटात ठेवला, कुलूप घातलं, किल्ली ओढून बघितली. मग भिंतीला हात लावत उठले, पंखा सुरू केला आणि सगळ्यांना दिसेल असे उंबऱ्यात येऊन उभे राहिले.

"दीडशेच्या दीडशे फोडायच्या. उद्या सकाळपासून. पुण्याला श्रीधर जाणार नाही. शैला, बॅग सोड."